एकशे त्रेचाळिसाव्या पानावरची सही

१

पाचवं पुस्तक जागेवर नव्हतं. त्याच्या जागी घडी घातलेला एक नॅपकिन उभा होता.

काचेचं कपाट शाबूत होतं, कुलूप शाबूत होतं, किल्ली चष्म्याच्या डबीत जिथल्या तिथे होती. आतली बाकीची अकरा पुस्तकं शाळेतल्या हुशार मुलांसारखी ताठ उभी होती. पहिलटकरांनी ती एकदा मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली होती. दुकानदारांचे तराजू तपासता तपासता मोजण्याची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. पण मोजून पुस्तक परत येत नाही.

पहिलटकर हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. पहिल्या आवृत्तीशिवाय दुसऱ्या कशाला ते हात लावत नसत, म्हणून मित्रांनी ते ठेवलं होतं. त्याच सुमाराला त्यांच्या बायकोला पहिल्यांदा दिवस गेले होते, त्यामुळे या विनोदाला सगळे दुप्पट हसले. पहिलटकर मात्र हसले नाहीत. ते संग्रहाच्या बाबतीत विनोद चालवून घेत नसत.

संग्रह एकाच लेखकाचा. हेरकथा लिहिणारा हा गृहस्थ आयुष्यभर टपाल खात्यात कारकून होता आणि त्याने कधी बंदूक हातात धरली नव्हती, तरी वाचक त्याला ‘कर्नल’ म्हणत. कर्नलची पुस्तकं बारा. बाराही पहिल्या आवृत्त्या, आणि बाराहींवर कर्नलची सही, असा संच शहरात फक्त पहिलटकरांकडे होता. कर्नल गेल्या वर्षी वारले. येत्या रविवारी पहिलटकर तो संच ग्रंथालयाला देणार होते आणि तो स्वीकारायला कर्नलची मुलगी येणार होती. निमंत्रणं वाटून झाली होती. आज शुक्रवार होता.

आदल्या दिवशी त्या खोलीत बाहेरची दोनच माणसं आली होती. एक त्यांचा जुना मित्र, आणि दुसरा बाइंडर. पुस्तकं ठेवण्यासाठी त्याने कापडी खोकी शिवून आणली होती. मित्र चहा पिऊन गेला. बाइंडर मात्र कपाटापाशी बराच वेळ एकटा होता, आणि जाताना त्याच्या खांद्यावर फुगलेली बॅग होती. पहिलटकरांना एवढं पुरलं. ते तडक त्याच्या दुकानात गेले.

दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर पहिलटकरांनी बॅग उघडायला सांगितली. बाइंडरने कात्री काढून ठेवली, डिंकाचा डबा ठेवला, दोऱ्याची रिळं ठेवली, शेवटी जेवणाचा डबा ठेवला आणि त्याचंही झाकण उघडलं.

“यातही बघून घ्या साहेब,” तो म्हणाला.

डब्यात पोळी-भाजी होती. पहिलटकरांनी ती पाहिली. तिथेच त्यांना कसंतरी झालं, पण माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. पुस्तक सापडेलच, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून ते वळले. पाठीमागे एका बाईने बाइंडरकडे दिलेली आपली कागदपत्रं परत मागितलेली त्यांना ऐकू आली.

घरी आल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिचा हात थांबला.

“सगळ्यांसमोर बॅग तपासलीत?” तिने विचारलं, आणि विळी बाजूला सारून ती स्टुलावर बसली.

२

समारंभासाठी पहिलटकरांची मेव्हणी आधीच येऊन राहिली होती. ही बायकोची थोरली बहीण. विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढण्यात तिचे केस पांढरे झाले होते. जळालेली गोदामं, बुडालेले ट्रक, मेलेली पण बाजारात भाजी घेताना दिसलेली माणसं, असं सगळं तिने पाहिलं होतं. तिला सगळे विमाताई म्हणत. पहिलटकर तिला थोडे बिचकून असत.

विमाताईंनी कपाट पाहिलं, कुलूप पाहिलं आणि मग खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी विचारलं की या बारांमध्ये सगळ्यात दुर्मीळ कुठलं. पहिलटकर म्हणाले, पहिलं. त्याच्या प्रती मोजक्याच निघाल्या होत्या. आणि सगळ्यात कमी मोलाचं?

पहिलटकरांना उत्तर द्यायला जरा वेळ लागला. “पाचवं,” ते म्हणाले. “ते भरपूर छापलं होतं. शिवाय आमच्या प्रतीचा कोपरा दुमडलेला आहे.”

“कसा दुमडला?”

“आणतानाच दुमडला. निष्काळजीपणा.”

विमाताईंनी मान हलवली. “म्हणजे चोराच्या हाताशी पहिलं पुस्तक होतं, ते त्याने सोडलं. किल्ली कुठे असते ते त्याला ठाऊक होतं. कपाट पुन्हा बंद करून किल्ली त्याने डबीत ठेवली. आणि जाताना बाकीची पुस्तकं कलंडू नयेत म्हणून नॅपकिनची घडी घालून गेला. भावजी, असा चोर मी नोकरीत पाहिला नाही.”

पहिलटकर म्हणाले की पुस्तकांची काळजी बाइंडरलाच असणार.

“बाइंडर असता तर त्याने पुठ्ठा कापून घातला असता. ते त्याच्या हातातलं काम. फटीत नॅपकिन कोण घालतं?” विमाताई उठल्या. “तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. आधी ती कशी सोडवायची ते बघा. चोराचं मी बघते.”

पहिलटकरांचे कान तापले. पण पुस्तक सापडल्याशिवाय माफी कशी मागायची, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि ते समजावणं त्यांना स्वतःलाच पटलं नाही.

३

मित्राला ते ‘दुसरी आवृत्ती’ म्हणत. त्यालाही कर्नलचा नाद होता, पण त्याचं कायम वरातीमागून घोडं. तो दुकानात पोचेपर्यंत पहिली आवृत्ती संपलेली असायची. गेली कित्येक वर्षं पहिलटकर त्याला यावरून हसत आले होते आणि तो बिचारा हसून घेत आला होता. विमाताईंनी त्याला बोलावलं तेव्हा तो आल्या आल्या म्हणाला, “माझ्या घरी येऊन बघा, ताई. माझी झडती बाकी राहिली असेल.”

बाइंडरची गोष्ट तोपर्यंत गल्लीभर झाली होती.

विमाताईंनी त्याला चहा दिला आणि चोरीचं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं की इतका नाद असून त्याच्या एकाही पुस्तकावर कर्नलची सही कशी नाही. तो ओशाळला. कप बशीत ठेवून म्हणाला, “पहिल्या आवृत्तीला रांगेत उभा राहिलो होतो की. एकदाच. पण तिथे माझा बकरा झाला, ताई. तुम्हाला ठाऊक नाही, कर्नल फुकट सही देत नसत.”

“पैसे घ्यायचे?”

“छे. प्रश्न विचारायचे. पुस्तक हातात घेऊन म्हणायचे, ‘वाचताना कुठे थांबलात?’ तुम्ही जे पान सांगाल त्या पानावर सही. मी नुकतंच विकत घेतलं होतं, वाचलं कुठे होतं? त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं आणि पुढच्या माणसाकडे बघितलं. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. पुन्हा काही मी गेलो नाही.”

पहिलटकर दाराशी उभे होते. ही गोष्ट ते आज पहिल्यांदा ऐकत होते. सह्या कधी या पानावर, कधी त्या पानावर असतात हे त्यांना माहीत होतं. ती कर्नलांची लहर असावी, असं त्यांनी धरलं होतं.

विमाताईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. “भावजी, तुम्ही बारा वेळा रांगेत उभे राहिलात. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?”

पहिलटकर काही बोलायच्या आत दुसरी आवृत्ती भोळेपणाने म्हणाली, “हे कुठले रांगेत? मी गेलो त्या दिवशी वहिनी होत्या माझ्या पुढे. पोट एवढं मोठं, आणि पुस्तकात डोकं घालून उभ्या. नंतरही दर वेळी त्याच गेल्या, मला ठाऊक आहे ना.”

कर्नलांना आपण बारा वेळा भेटलो, हे पहिलटकर इतकी वर्षं चारचौघांत सांगत आले होते. निमंत्रणातही तसंच छापलं होतं.

४

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण पहिलटकरांनी नोकरीत पुष्कळ दुकानदारांना ऐकवली होती. आता ती त्यांच्या डोक्यात स्वतःसाठी वाजू लागली, पण त्यांनी ती दाबून टाकली.

विमाताई धाकट्या बहिणीशी स्वयंपाकघरात बोलून आल्या. बहीण म्हणाली होती की पुस्तकांच्या खोलीत तिचं काय काम. यापलीकडे ती काही बोलली नव्हती, पण बाइंडरच्या दुकानातून आणखी कुणी काही परत नेलं का, हे तिने दोनदा विचारलं होतं.

“या आठवड्यात घरात काही वेगळं घडलं?” विमाताईंनी पहिलटकरांना विचारलं.

काही नाही, असं ते म्हणाले. मग आठवून म्हणाले की जेवताना हिची बडबड मात्र वाढली होती. रोज दोन-तीन पुस्तकांच्या गोष्टी सांगत बसायची. पहिल्यात दीपगृह आहे, तिसऱ्यात खोटा डॉक्टर आहे, अमक्या पानावर नायक पहिल्यांदा घाबरतो आणि मला तेच आवडलं, असलं काहीतरी. त्यांचं अर्धं लक्ष बातम्यांकडे असायचं.

“सगळ्या पुस्तकांच्या सांगितल्या?”

पहिलटकर मोजू लागले, आणि मोजता मोजता थांबले. चौथ्यानंतर तिने एकदम सहावं काढलं होतं. त्यांनी चूक दाखवली होती, पाचवं राहिलं म्हणून. ती म्हणाली होती, “ते तुम्हाला नाही आवडणार.”

विमाताईंनी तिथल्या तिथे कर्नलच्या मुलीला फोन लावला. ती मोकळेपणाने बोलली. सोमवारीच तिचं घरी बोलणं झालं होतं, साहेब बाहेर होते म्हणून बाईंशी. समारंभात भाषणं फार नकोत, असं तिच्या मनात होतं. एकेक पुस्तक सहीच्या पानावर उघडायचं, ते पान मोठ्याने वाचायचं आणि साहेबांना विचारायचं की तुम्ही नेमके इथेच का थांबलात. बाबांना हे फार आवडलं असतं. बाईंनी सांगितलं नाही का?

बाईंनी फक्त ‘ती येते म्हणाली’ एवढंच सांगितलं होतं.

फोन ठेवून विमाताई पहिलटकरांकडे वळल्या. मग म्हणाल्या, “ती तुम्हाला परीक्षेला बसवत होती, भावजी. अकरा धडे तिने करून घेतले. पाचवा तिला शिकवता येईना, म्हणून तिने प्रश्नपत्रिकाच उचलली. पाचव्या पुस्तकातली सही कुठल्या पानावर आहे?”

“एकशे त्रेचाळीस,” पहिलटकर ताबडतोब म्हणाले.

“आणि त्या पानावर आहे काय?”

उघडलं की पुस्तकाची पाठ सैल होते. वाचायची पुस्तकं वेगळी, ठेवायची वेगळी. हे ते नेहमी अभिमानाने सांगत. आज ते त्यांच्या तोंडून निघेना.

५

पुस्तक दुसऱ्या आवृत्तीकडून मागवलं. छपाई तीच, पानांचे आकडे तेच. ज्या प्रतीला पहिलटकर जन्मभर हसले होते ती त्यांच्यासमोर टेबलावर आली. तिच्या कडा वाचून वाचून काळ्या झाल्या होत्या. विमाताईंनी एकशे त्रेचाळिसावं पान काढलं आणि सरळ आवाजात वाचलं.

“आठ महिन्यांनी तो घरी आला. त्याने दाराचं कुलूप तपासलं. खिडक्या तपासल्या. टेलिफोन उघडून आतल्या तारा तपासल्या. मग तो म्हणाला, सगळं जागच्या जागी आहे. ती पलंगावर बसली होती. पलंगाखाली तिची भरलेली बॅग होती. त्या घरात तेवढी एकच गोष्ट त्याने तपासली नाही.”

विमाताईंनी पुस्तक मिटलं नाही. त्या पानाकडे बघत राहिल्या. “हे कधी आलं होतं, आठवतं? आमची आई गेली त्या आठवड्यात. घर माणसांनी भरलेलं, आणि ही म्हणाली मला जायला हवं, यांच्या पुस्तकाची रांग आहे. मी तिला नको नको ते बोलले. आई गेली आणि तुला नवऱ्याची सही महत्त्वाची, असं म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि बॅग उचलून निघाली.” त्यांनी चष्मा काढला. “लोकांचे खोटे दावे मी नुसत्या वासावरून ओळखायचे. माझी बहीण एवढी मोठी बॅग घेऊन सही आणायला का निघाली, हे मला त्या दिवशी दिसलं नाही.”

पहिलटकरांना आता सगळं आठवत होतं, आणि आठवू नये असं वाटत होतं. त्या संध्याकाळी ते कधी नव्हे ते लवकर घरी आले होते. बेल वाजली. त्यांनी दार उघडलं. ती हातात बॅग घेऊन उभी होती. तिची आई जाऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे दारातच विचारलं, सही मिळाली ना. तिने बॅगेत हात घालून, कपड्यांच्या खालून पुस्तक ओढून काढलं. आणि ते म्हणाले होते, कोपरा दुमडलास.

एवढंच म्हणाले होते. त्यानंतरही किती वर्षं, पाहुण्यांना संग्रह दाखवताना, पाचव्यापाशी आले की ते म्हणायचे, ही एक प्रत तेवढी आमच्या बाईसाहेबांच्या कृपेने. पाहुणे हसायचे. ती चहा ठेवून आत जायची.

“भावजी,” विमाताई हळू आवाजात म्हणाल्या, “बॅग तपासलीत खरी. पण चुकीची.”

६

बॅग शयनगृहातल्या कपाटावर होती. पहिलटकर स्टुलावर चढले. बाकी सगळ्या सामानावर धूळ होती, बॅगेवर नव्हती. खाली उतरून त्यांनी ती पलंगावर ठेवली आणि चेन उघडली. पाचवं पुस्तक आत होतं, जुन्या ओढणीत गुंडाळलेलं. पुस्तक मिळाल्यावरही ते थांबले नाहीत. त्यांनी हात आत घालून तळ चाचपला, बाजूचे कप्पे चाचपले. आत कपडे नव्हते. तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला, आणि आपण काय शोधत होतो हे लक्षात येऊन त्यांना स्वतःची लाज वाटली.

बायको दारात उभी होती.

“त्या दिवशी जाणार होतीस?” त्यांनी विचारलं. त्यांची मान वर होईना.

“हो. रांग संपली की बस पकडणार होते. पुस्तक तुम्हाला पोस्टाने पाठवायचं ठरवलं होतं.” ती आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. “कर्नलांनी विचारलं, कुठे थांबलात. मी पान दाखवलं. त्यांनी ते वाचलं, माझ्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं. सही केली आणि म्हणाले, बाई, पुढे काय करायचं ते मलाही नीट लिहिता आलेलं नाही.”

“मग आलीस कशाला?”

“लेक शाळेतून यायची होती. तुम्ही लवकर याल हे ठाऊक नव्हतं, आणि तिच्याकडे किल्ली नव्हती.”

पहिलटकर पुस्तकाच्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले.

“रविवारी सगळ्यांसमोर ते पान वाचलं असतं,” ती म्हणाली. “तुम्हाला विचारलं असतं. तुमची मान खाली गेली असती, आणि माझीही. समारंभ झाला की परत ठेवणार होते. मला वाटलं, तुम्ही चष्मा शोधता तसं दोन दिवस घरातच शोधाल. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी बघायला जाल असं नव्हतं वाटलं. सकाळपासून चारदा चपला घातल्या त्या माणसाकडे जायला. पाऊल उचललं नाही. चोर मी आणि आळ त्याच्यावर.”

“आळ मी घेतला,” पहिलटकर म्हणाले. “चपला घाल. दोघं जाऊ.”

बाइंडरच्या दुकानात त्या वेळी गर्दी नव्हती. पहिलटकर गर्दी होईपर्यंत बाहेर थांबले. आळ सगळ्यांसमोर घेतला होता, तर माफी कोपऱ्यात मागून चालणार नव्हतं. तराजूची दोन्ही पारडी सारखी हवीत, एवढं तरी त्यांना कळत होतं. गिऱ्हाइकं जमल्यावर ते आत गेले आणि म्हणाले की पुस्तक घरातच होतं, मी या माणसाचा विनाकारण अपमान केला, हात जोडून माफी मागतो. त्यांचा आवाज दोनदा अडकला. बायको शेजारी उभी राहून म्हणाली की पुस्तक मी ठेवलं होतं.

बाइंडरने दोघांकडे पाहिलं. माफी असू दे, तो म्हणाला, पण ज्या बाई कागद परत घेऊन गेल्या त्यांच्या घरी जाऊन हेच सांगाल का? पहिलटकर त्यांच्याही घरी गेले. पत्ता चुकून आधी त्यांच्या शेजाऱ्यांनाही सांगून झालं.

परतताना बायको म्हणाली, “अकराच द्या. पाचवं घरी राहू दे.”

रविवारी ग्रंथालयातल्या कपाटात पाचव्या जागी बाइंडरने करून दिलेला कोरा कापडी ठोकळा होता. कर्नलच्या मुलीने पहिलं पुस्तक उघडलं, दीपगृहाचं पान वाचलं आणि विचारलं, साहेब, इथेच का थांबलात? पहिलटकरांना उत्तर पाठ होतं. ते उठले आणि म्हणाले, “मी थांबलो नाही. मी रांगेतच नव्हतो, आणि यातलं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही. जिने वाचलं तिला विचारा.” सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी हसलं. ते खाली बसले, आणि पुढचा तासभर त्यांना समोर बघवलं नाही. पण ऐकलं सगळं. बायको एकेका पानाबद्दल बोलत होती आणि लोक गप्प होऊन ऐकत होते. इतकी वर्षं हे सगळं आपल्याच घरात होतं, हे त्यांना त्या परक्या लोकांबरोबर बसून कळलं. पाचव्याचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, ते सध्या घरी वाचायला घेतलंय.

ते खरं करायला हवं होतं. सोमवारी सकाळी पहिलटकरांनी प्लास्टिकचं वेष्टण काढलं आणि पाचवं पुस्तक उघडलं. पाठ करकरली. नवव्या पानावर हेराची बायको सांगितलेलं पुडकं घेऊन, भिजून घरी येते. तो दार उघडतो आणि तिने उंबरा ओलांडायच्या आत विचारतो, आणलंस ना?

पहिलटकर तिथून पुढे जाऊ शकले नाहीत. थोड्या वेळाने ते पुस्तक आणि पेन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले.

“इथे थांबलो,” ते म्हणाले. “या पानावर सही करशील?”

तिने पानाचा आकडा पाहिला. आश्चर्य वाटल्यासारखी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा कणकेत हात घातले.

“हात भरलेत माझे,” ती म्हणाली. “थांबावं लागेल.”

पहिलटकरांच्या पुढे रांगेत कुणी नव्हतं. तरी ते पुस्तक छातीशी धरून तिथेच उभे राहिले.